काटकसर आणि हजेरी

बंदराच्या नकाशात बोटींसाठी खोल केलेला मार्ग गडद दिसत होता आणि त्याच्या डाव्या कडेला फिकट रंगाचे लहान लहान तुकडे चिकटले होते. गडद म्हणजे उंच लाट, फिकट म्हणजे शांत पाणी. तुकड्यांची मार्गाकडची कड मार्गाबरोबर वळत होती. त्यात काही वावगं नव्हतं. दुसरी कड मात्र सरळ होती. मी स्क्रीनवर पट्टी धरून पाहिली. वरचा तुकडा ज्या उभ्या रेषेवर संपत होता त्याच रेषेवर खालचाही संपत होता, आणि त्याच्या खालचाही, फणीच्या दात्यांची टोकं असावीत तसे.

नकाशा पाठवणारी बाई बंदराच्या हवामान कक्षात काम करते. आमच्या ऑफिसात तिला सगळे बंदरवाली म्हणतात. तिने सोबत एवढंच लिहिलं होतं: "समुद्र पट्टी लावून रेघा मारत नाही. हे तुमच्याकडचं आहे."

मी कंपायलर बनवणाऱ्या गटाची प्रमुख आहे. माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा आज्ञांमध्ये बदलणं हे कंपायलरचं काम. आमची भाषा समांतर गणनेची आहे. म्हणजे एकच काम चिपमधले हजारो छोटे कामगार एकाच वेळी करतात. लाटांच्या नकाशात प्रत्येक कामगाराकडे समुद्राचा एक चौकोन सोपवलेला असतो. भाषेत अधूनमधून नव्या सोयी येतात आणि त्या कंपायलरला शिकवाव्या लागतात. या वेळची सोय शेजाऱ्यांना विचारण्याची होती. एका रांगेतल्या कामगारांनी एकमेकांना थेट विचारायचं, तुमच्यात सर्वांत उंच लाट कोणाकडे? पूर्वी ही विचारपूस दूरच्या मेमरीतून फिरून यायची, शेजारच्या दारी निरोप द्यायला टपालाने पत्र पाठवावं तशी. नव्या सोयीमुळे बंदरवालीचा नकाशा भरतीच्या आधी तयार होणार होता. जुन्या पद्धतीने तो भरती ओसरताना हाती यायचा, म्हणजे वरातीमागून घोडं.

सोय मी लिहिली होती. चाचण्या शंकासुराने घेतल्या होत्या. आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो. हे नाव त्याला कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण फोनवरही तो स्वतःची ओळख तशीच करून देतो.

"सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या, एकही नापास नाही," मी त्याला म्हणाले.

"म्हणूनच मला धाकधूक होती. श्रावणात डोळे गेले की सगळं हिरवंच दिसतं." त्याने खुर्ची ओढून माझ्या स्क्रीनसमोर आणली. "पट्टी दे इकडे. हं. रांगेची रुंदी आहे ही."

तेच मलाही वाटत होतं. तुकडे कामगारांच्या रांगा संपतात तिथे संपत होते. चूक समुद्राच्या गणितात नव्हती, रांगेच्या विचारपुशीत होती.

कंपायलरमध्ये एकामागून एक टप्पे असतात. प्रत्येक टप्पा प्रोग्रॅमला थोडा सुधारून पुढच्याच्या हवाली करतो. आम्ही एकेक टप्पा बंद करून नकाशा परत काढायला लागलो. दुपारचा चहा झाला, तुकडे तिथेच. मग मी यादीतलं सर्वांत जुनं नाव बंद केलं आणि मार्गाची डावी कड स्वच्छ झाली.

"मी काही बोललो नाही," शंकासुर म्हणाला.

"तुझा चेहरा बोलतोय."

"चेहऱ्यावर माझा ताबा नाही. मारणार का अजून एक पाचर?"

त्या टप्प्याचं नाव काटकसर. तो माझ्या सासूबाईंनी लिहिला आहे.

काटकसर लिहिली तेव्हा चिपमध्ये कामगार एकच असायचा. तिचा नियम सोपा होता: एखादं उत्तर ज्या वाटेवर लागणार आहे, त्या वाटेवर गेल्यावरच ते काढायचं. दुसऱ्या वाटेने गेलात तर ते कष्ट वाचले. एकट्या कामगारासाठी हे शहाणपण होतं आणि त्या काळच्या मंद यंत्रांवर आमचा कंपायलर त्यामुळेच नावाजला गेला. आता रांगा आल्या. बंदरवालीच्या प्रोग्रॅममध्ये आधी सगळी रांग एकमेकांना उंच लाट विचारते, आणि मग फक्त उथळ पाण्यातले कामगार ते उत्तर वापरतात. काटकसरीने पाहिलं की उत्तर उथळवाल्यांनाच लागतंय, म्हणून तिने प्रश्नच उचलून त्यांच्या वाटेवर नेऊन ठेवला. तिथे खोल पाण्यातले कामगार नव्हतेच. ज्यांच्याकडे उंच लाटा होत्या त्यांनाच कुणी विचारलं नाही, आणि कडेचं पाणी शांत आहे असं उरलेल्यांनी आपापसात ठरवून टाकलं.

असे प्रसंग याआधीही आले होते. दर नव्या सोयीबरोबर काटकसर कुठेतरी अडखळायची आणि आम्ही तिच्यात एक अपवाद घालायचो: अमुक दिसलं तर हात लावू नकोस. ऑफिसात त्याला पाचर म्हणतात. बहुतेक पाचरी माझ्याच हातच्या आहेत.

"उद्या बघू," मी म्हणाले.

घरी पोचले तेव्हा नवरा धुतलेल्या कपड्यांची चळत घेऊन बोळातून येत होता. त्याच क्षणी आईंनी बोळातला दिवा मालवला.

"अगं आई, मी आहे इथे!"

"मग आवाज करायचा. मला वाटलं कुणी नाही."

"माणसाने स्वतःच्या घरात खोकत फिरायचं का?"

"दिवा जळत ठेवण्यापेक्षा खोकणं बरं."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. कंपायलर मला त्यांनीच शिकवला. तेव्हा त्या माझ्या वरिष्ठ होत्या आणि मी त्यांना मॅडम म्हणायचे. पुढे त्यांच्या मुलाशी लग्न झालं आणि मी त्यांना मॅडमऐवजी आई म्हणू लागले. चुका लाल शाईने अधोरेखित करण्याची त्यांची सवय मात्र ऑफिसातून घरी जशीच्या तशी आली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी मी चप्पल काढत असतानाच त्या एक प्रश्न विचारतात, दुसऱ्या घरांत जेवलीस का विचारतात तसा.

"काटकसर चालतेय ना?"

"चालतेय," मी म्हणाले. ती चालत होती, यात खोटं काही नव्हतं.

"तुमच्या संचालकांचा फोन आला होता. नव्या आवृत्तीच्या कार्यक्रमात मी बोलावं म्हणतात. पहिल्या दिवसापासून चालत आलेली तेवढी एकच गोष्ट उरली आहे म्हणे तुमच्या कंपायलरमध्ये."

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, सांगते विचार करून. लगेच हो म्हटलं की माणसाची किंमत राहत नाही." त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. टेबलावर भाषणाचे कागद आधीच मांडलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी पाचर मारली. शेजाऱ्यांना विचारणाऱ्या आज्ञेवर खूण केली: ही जागची हलवू नये. नकाशा स्वच्छ आला. बंदरवालीने आपल्या प्रोग्रॅमची जरा मांडणी बदलली, विचारपूस कोडच्या एका वेगळ्या तुकड्यात नेऊन ठेवली, आणि फिकट दाते परत उगवले; काटकसर त्या तुकड्याच्या आत डोकावून पाहत नव्हती. मी खूण आतून बाहेरपर्यंत पोचेल अशी व्यवस्था केली. मग शंकासुराने आपलं यंत्र लावलं. त्याच्याकडे एक प्रोग्रॅम आहे, तो स्वतःच वेडेवाकडे प्रोग्रॅम लिहीत सुटतो आणि आमचा कंपायलर त्यांचा काय अर्थ लावतो ते तपासतो. जेवणाच्या सुट्टीनंतर शंकासुर एक कागद फडकावत आला.

"हा घे. चाचणीत पडला."

मी वाचला. "असा प्रोग्रॅम कुणी शहाणा माणूस लिहिणार नाही."

"आपली भाषा फक्त शहाण्यांसाठी आहे असं कुठे लिहिलंय?"

मी कागद ठेवून घेतला आणि काटकसरीचा कोड पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. इतकी वर्षं मी त्यात पाचरी मारत होते, पण सलग असा तो मी शिकाऊ असताना वाचला होता, तेवढाच. फार सुंदर कोड आहे. एकही ओळ जास्तीची नाही. आणि त्यात कुठेही, एकदाही, सोबत कोण आहे हा प्रश्न नाही. तो लिहिताना कुणी सोबत नव्हतंच. ही उणीव भरायला पाचर पुरणार नव्हती.

मी नवा टप्पा लिहायला घेतला. काही हलवण्याआधी त्याने पाहायचं होतं, या जागी कोण कोण एकत्र पोचतं? हलवल्यावरही तेवढेच पोचणार असतील तर हलव, एकही गळणार असेल तर हात लावू नकोस. सांगायला सोपं आहे. फळ्यावर मी वाटा काढायचे, त्या फुटतात कुठे आणि परत मिळतात कुठे ते दोन रंगांच्या खडूंनी दाखवायचे, आणि संध्याकाळपर्यंत सगळं पुसायचे. पहिला प्रयत्न इतका भित्रा झाला की त्याने कशालाच हात लावला नाही.

"ही हजेरी नाही," शंकासुर म्हणाला, "संचारबंदी आहे."

नाव मात्र तिथेच ठरलं. हजेरी.

दुसरा प्रयत्न फेऱ्यांमध्ये अडकला, म्हणजे जिथे तेच काम पुन्हा पुन्हा करायचं असतं तिथे. काही कामगार एखादी फेरी आधीच बाहेर पडतात, काही नंतर. बाहेर पडलेल्यांना रांगेत धरायचं की नाही? तीन वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं. नवरा फिजिओथेरपिस्ट आहे; जेवताना त्याला मी भाकरीच्या तुकड्यांनी फेऱ्या समजावून सांगत होते तेव्हा तो म्हणाला, "तुझे कामगार माझ्या पेशंटसारखे आहेत. अर्धे व्यायाम संपायच्या आधीच घरी." मी हसले नाही, कारण त्याच क्षणी मला उत्तर दिसलं. घरी गेलेल्यांची हजेरी फेरीत घ्यायची नाही, सगळे बाहेर येतात त्या दाराशी घ्यायची. सकाळी ते लिहिलं. शंकासुराचं यंत्र आठवडाभर वेडे प्रोग्रॅम ओकत राहिलं आणि एकही पडला नाही.

"मला शंका आहे," तो म्हणाला.

"कसली?"

"तीच तर सापडत नाहीये. फार अस्वस्थ वाटतं."

एक गोष्ट मात्र मोजून दिसत होती. एकट्या कामगारासाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम हजेरीमुळे थोडे मंद झाले होते. फार नाही, पण ज्यांनी ते वर्षानुवर्षं वापरले त्यांच्या ध्यानात येईल इतके. ते कारण मला पुरलं. मी हजेरी एका स्विचमागे ठेवली. ज्याला हवी त्याने स्विच लावावा. न लावल्यास काटकसर. बंदरवालीला स्विचचं नाव कळवलं.

"आणि नव्या आवृत्तीत मूळ स्थिती कोणती?" शंकासुराने विचारलं.

"सध्या काटकसर."

"सध्या म्हणजे?"

"बघू."

"तू आणि तुझं बघू! घरी सांगायला घाबरतेस, सरळ कबूल कर ना."

"घाबरत नाही. कार्यक्रम होऊन जाऊ दे."

"कार्यक्रम आवृत्तीचाच आहे, बाई माझे. आवृत्ती जाईल आणि मग तू सांगशील की तिच्यात काय असायला हवं होतं?"

मी त्याला चाचण्यांचं काम दिलं. तो कुरकुरत गेला.

शुक्रवारी बंदरवालीचा फोन आला. ती एरवी फोन करत नाही.

"तुकडे परत आलेत," ती म्हणाली. "आमच्याकडे नवं यंत्र बसवलं. बसवणाऱ्याने तुमचा स्विच लावला नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

"नकाशा बाहेर गेला?"

"गेला. जहाजांना आत आणणाऱ्या वाटाड्यांच्या बोटीला डाव्या बाजूचं पाणी शांत दिसलं, म्हणून ती तिथे जाऊन थांबली. लाट आडवी आली. एक जण कठड्यावर आदळला. मनगट मोडलंय त्याचं, बाकी ठीक आहे. चूक आमची. स्विच विसरलो."

"नाही," मी म्हणाले. "बरोबर उत्तर मिळायला स्विच लागताच कामा नये."

"हे मीच म्हणणार होते, पण भीड आडवी आली. तुमच्या नव्या आवृत्तीत काय असणार आहे? मला इथे ठरवावं लागेल. खात्री नसेल तर मी जुन्या पद्धतीवर परत जाते. नकाशा उशिरा येईल, पण खोटं तरी सांगणार नाही."

"सोमवारी कळवते."

"नक्की?"

"नक्की."

रविवारी सकाळी आईंनी आम्हा दोघांना बाहेरच्या खोलीत बसवलं. त्यांना भाषणाची तालीम करायची होती. नवऱ्याच्या हातात त्यांनी घड्याळ दिलं, माझ्या हातात काहीच नाही. मी ऐकायचं होतं. त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या, चष्मा वर सरकवला आणि सुरुवात केली. आवाज तोच होता, ज्याने मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं की संगणक कधी चुकत नाही, हे वाक्य आळशी माणसांनी शोधून काढलंय.

दुसऱ्या पानावर त्या अडल्या. "'यंत्रं बदलली, भाषा बदलली, माणसंही बदलली. काटकसर मात्र तशीच आहे.' इथे 'तशीच' म्हणू की 'अजूनही' म्हणू?"

"'तशीच'मध्ये जोर आहे," नवरा म्हणाला.

"तुला नाही विचारलं. घड्याळ बघ."

"आई," मी म्हणाले, "ती तशीच नाहीये."

"म्हणजे?"

"पाचरी आहेत तिच्यात."

"असतीलच दोन-चार. मीही मारल्यात."

"मूळ कोडपेक्षा जास्त आहेत आता."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "मला कुणी सांगितलं नाही."

"मीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

त्या येऊन माझ्यासमोर बसल्या. भाषणाचं ते पान उलटं करून त्यांनी माझ्यापुढे सरकवलं आणि त्यावर लाल पेन ठेवलं. "काढ. कुठे अडतं ते काढून दाखव. तोंडी नको."

मी कामगारांची एक रांग काढली. तिला दोन वाटा फुटलेल्या काढल्या. प्रश्न आधी कुठे होता आणि काटकसरीने तो कुठे नेला, तिथे बाण काढला. आई त्या बाणाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. समजायला वेळ लागत नव्हता. त्या तपासून पाहत होत्या.

"एक पाचर अजून मार," त्या म्हणाल्या. "प्रश्नावर खूण कर, हलवू नये म्हणून."

"केली. प्रश्न दुसऱ्या तुकड्यात गेला की खूण दिसत नाही."

"मग ती बाहेरपर्यंत आण."

"आणली. तरीही पडला. तुमच्या कोडमध्ये सोबत कोण आहे हे कुठे विचारलेलंच नाही, आई. खुणा किती करणार?"

"त्या वेळी होतं कोण सोबत?" त्यांचा आवाज चढला. "एक चिप, एक कामगार, आणि मी! जिथे लागत नाही तिथे काम करायचं नाही, यात काय चुकलं माझं?"

"काही चुकलं नाही."

"मग?"

नवरा घड्याळाकडे पाहत म्हणाला, "बोळातल्या दिव्याचं सांगू का?"

"दिव्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. मी तुम्हा दोघींच्या मधला अर्धविराम. बोला तुम्ही."

आईंनी एकदा बोळाकडे पाहिलं, मग परत कागदाकडे. पेन घेऊन त्यांनी माझा बाण अधोरेखित केला, दोनदा. चूक सापडली की त्या तसंच करायच्या.

"तुझा नवा टप्पा आहे ना? असणारच. इतके दिवस फळ्याचा खडू कोपरांना लावून येतेयस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "जुने प्रोग्रॅम मंद होत असतील त्याने."

"थोडे होतात."

"लोक ओरडतील."

"ओरडू देत. मी त्यांना उत्तर देईन. एकेक प्रोग्रॅम घेऊन बसेन, पुढच्या आवृत्तीपर्यंत जितके परत वेगवान करता येतील तितके करेन."

"मग दोन्ही ठेव. स्विच दे. ज्याला काटकसर हवी तो लावेल."

"स्विच होता, आई. उलटा होता, पण होता. बंदरावर एकाने तो लावला नाही आणि दुसऱ्याच माणसाचं मनगट मोडलं. शुक्रवारी."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुचाकी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. इंजिन दोनदा सुरू झालं आणि बंद पडलं.

"भाषणाला तर मी हो म्हणून बसलेय," आई शेवटी म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी कळवलं त्यांना. तुला सांगितलं नाही." त्या पानाची कड बोटांनी सरळ करत होत्या. "तू काय ठरवलंयस ते सांग. आणि बघू म्हणू नकोस. शिकाऊ होतीस तेव्हापासून तुझं ते बघू ऐकतेय मी."

मी त्यांच्यासमोरचं पान सरळ बाजूने वळवलं. 'तशीच' या शब्दावर त्यांनी शाईचा एक ठिपका देऊन ठेवला होता.

"काटकसर मी काढून टाकतेय, आई," मी म्हणाले. "पूर्ण. पाचरींसकट, स्विचसकट. नव्या आवृत्तीत फक्त हजेरी असेल."